लग्नाची गाणी रचणाऱ्या संन्यासिनी : महदंबा



मागच्या अंकात ब्रह्मचर्यावर लिहिलं होतं. त्यावर ग्रुपवर नेहमीप्रमाणे हात जोडलेली चित्रं भराभर आली, आणि खरे प्रश्न मात्र आम्हा सेवेकरी बायकांना वेगळे, एकेकटे आले. बहुतेक बायकांचेच. देवाच्या वाटेवर जायचं तर नवरा-बायकोचं नातं कमीपणाचं मानायचं का? अनुष्ठानाच्या काळातलं व्रत एकाने घेतलं तर दुसऱ्याला आधी विचारायला नको का? आणि एका ताईंचा प्रश्न तर दोन दिवस आमच्या डोक्यातून जाईना. त्यांचे यजमान जाऊन सात वर्षं झाली. लोक धरून चालतात की आता यांचं मन मेलं. ते काही मरत नाही. मग जपाला बसायचा आपल्याला अधिकार आहे का, असं त्यांनी विचारलं होतं.

अधिकार-अनधिकार ठरवणाऱ्या आम्ही कोण? पण चरित्रमालेत या वेळी कोणाचं चरित्र घ्यायचं ते मात्र या प्रश्नानेच ठरवून दिलं. महदंबा. महदाइसा असंही त्यांना म्हणतात. मराठीतल्या आद्य कवयित्री म्हणून शाळेत एका ओळीत नाव येतं आणि आपण पुढे जातो. आमच्यातल्या दोघींनी बी.ए.ला मराठी घेतलं होतं, त्यांनाही त्या एका ओळीपलीकडे फारसं आठवत नव्हतं. ग्रुपवर लहानथोर सगळे आहेत याची जाणीव ठेवूनच लिहितो आहोत, पण विषय झाकून लिहिला तर या चरित्रात काही उरत नाही.

सुरुवात आपल्या जवळून करू. सुरतेहून रेल्वेने तासाभरावर भरूच. तिथल्या विशाळदेव नावाच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव. गादीवर वाढलेला, लग्न झालेला आणि जुगाराचा नाद लागलेला. हा तरुण आजारी पडून वारला, चितेवर ठेवला आणि उठून बसला, अशी महानुभाव पंथाची कथा आहे. उठला तो हरिपाळ नव्हता. द्वारकेत चांगदेव राऊळ नावाचे एक सिद्धपुरुष होते, सूप आणि खराटा घेऊन रस्ते झाडणारे. त्यांच्याकडे कामाख्या नावाची योगिनी आली आणि तिने त्यांच्याकडे देहसुखाची मागणी केली. ती हटून बसली. चांगदेवांनी व्रत मोडलं नाही, तिच्यावर रागावलेही नाहीत, सरळ देहच ठेवला, आणि त्यांचा आत्मा भरूचच्या त्या मृत तरुणाच्या शरीरात शिरला. हेच पुढे श्रीचक्रधर स्वामी.

कथा खरी की रूपक, हा वाद बाजूला ठेवू. एका मोठ्या पंथाने आपल्या गुरूंच्या उगमाची जी कथा सांभाळली, तिच्या मध्यावर ब्रह्मचर्य आणि वासना यांचा पेच आहे, आणि तो पेच सोडवायला एक देह सोडून दुसऱ्या, संसारी माणसाच्या देहात यावं लागलं, इतकं लक्षात ठेवलं तरी पुढचं समजायला पुरे. चक्रधरांनी तो संसारही पुढे सोडला. रामटेकच्या यात्रेला म्हणून निघाले, वाटेत विदर्भात रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभू भेटले, आणि मग परत भरूच नाही. कित्येक वर्षं रानावनात एकटे फिरले. नंतर गोदावरीकाठी पैठणला आले तेव्हा त्यांच्याभोवती माणसं जमू लागली, आणि त्यात बायका खूप.

या बायकांमध्ये महदंबा होत्या.

गोदाकाठच्या एका विद्वान ब्राह्मण घराण्यात त्यांचा जन्म. वडिलांचं नाव वायनायक. आजीचं नावही महदाइसाच, आणि ही आजी राजदरबारात वादविवाद करणारी विदुषी होती असं परंपरा सांगते. घरात विद्या होती, तरी घराण्याच्या लेकीचं जे व्हायचं तेच झालं. लहानपणी लग्न आणि लहानपणीच वैधव्य. त्या काळच्या ब्राह्मणाघरच्या विधवेच्या वाट्याला काय येत असे ते सांगायला नको. महदंबा आधी दादोस नावाच्या गुरूंच्या शिष्या झाल्या आणि दादोसांबरोबरच चक्रधरांच्या दर्शनाला आल्या. त्यांचे चुलतभाऊ नागदेव हेही पुढे चक्रधरांचे पट्टशिष्य आणि पंथाचे पहिले आचार्य झाले.

लीळाचरित्रात महदंबा पुन्हा पुन्हा येतात त्या प्रश्न विचारताना. हे असं का, ते तसं का, अमक्या देवाचं काय, तमक्या तीर्थाचं काय. स्वामींनीही त्यांच्या या चौकसपणाचं कौतुकच केलेलं दिसतं. पंथाचा पुष्कळसा विचार आज आपल्याला कळतो तो महदंबांनी विचारलं म्हणून. विचारणारी बाई नसती तर उत्तरं कोणाला दिली असती?

चक्रधरांनी बायकांना संन्यासाचा अधिकार दिला. विटाळाबद्दलही त्यांनी अगदी साधं सांगितलं : शरीराला नऊ द्वारं आहेत, नाकातून शेंबूड येतो तसाच हाही एक स्राव, धुतलं की झालं, त्यात विटाळ कसला. हे तेराव्या शतकात. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत, लिंबायतपासून पांडेसरापर्यंत, आजही चार दिवस देवघराकडे बघू देत नाहीत. सातशे वर्षांपूर्वीचं हे सांगणं अजून आपल्या गल्लीपर्यंत पोचायचं आहे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच चक्रधरांच्या सूत्रपाठात साधकाला सांगितलं आहे की चित्रातली स्त्रीसुद्धा पाहू नये, आणि दारू प्यायल्यावर चढते पण स्त्री नुसती दिसली तरी चढते. हे वाचून आम्हाला पहिल्यांदा रागच आला. इकडे विटाळ नाही म्हणायचं आणि तिकडे बाईला दारूच्या पंक्तीला बसवायचं! आमच्यातल्या एकीने तर पुस्तक मिटून ठेवलं. पुढे बोलता बोलता असं वाटलं की हे गावोगाव भिक्षा मागून फिरणाऱ्या संन्याशांना सांगितलेलं आहे, संसारी माणसाला नव्हे. बायका घरदार सोडून यांच्या मागे लागतात हा आरोप चक्रधरांवर त्या काळी होतच होता. देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री आणि पैठणचे विद्वान त्यांच्या विरोधात गेले, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. अशा वेळी स्त्री-पुरुषांनी एका गुरूजवळ राहायचं तर नियम कडक लागणार. एवढं समजूनही ते वाक्य आम्हाला आवडलं नाही ते नाहीच. गुरूंच्या घरचं सगळंच गोड लागलं पाहिजे असं थोडंच आहे.

१२७४ च्या सुमारास चक्रधर महाराष्ट्र सोडून उत्तरेकडे निघून गेले. पंथाची श्रद्धा आहे की ते आजही आहेत. मागे राहिलेले शिष्य सैरभैर झाले आणि रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत जमा झाले. महदंबाही गेल्या. सेवा म्हणजे काय, तर त्यांचं जेवणखाण, आंघोळ, अंथरूण-पांघरूण सगळं पाहायचं. गोविंदप्रभू जन्माचे ब्रह्मचारी आणि वागणं जगाला वेड्यासारखं दिसणारं. मनात येईल तिथे जायचे, कोणाच्याही घरात शिरायचे, जातपात न बघता मिळेल ते खायचे, देवळातल्या मूर्तीशी बोलायचे, लहान मुलांसारखे रुसायचे. गावातल्या बायका अडल्या-नडल्या की त्यांच्याकडेच धाव घ्यायच्या. असा म्हातारा सांभाळणं किती कठीण ते ज्यांच्या घरी भ्रमिष्ट झालेले वडीलधारे आहेत त्यांना विचारा.

तर या गोविंदप्रभूंच्या एक दिवस मनात आलं की आपलं लग्न करायचं.

शिष्यांनी त्यांना वेड्यात काढलं नाही. लग्नाचा थाट मांडला, तयारी सुरू झाली. आणि लग्न म्हटलं की गाणी हवीतच. गोविंदप्रभूंनी महदंबांना धवळे म्हणायला सांगितलं.

धवळे म्हणजे वराची, लग्नाची गाणी. आपल्या सुरतेत हा शब्द परका नाही. शेजारच्या गुजराती बहिणी हवेलीत आणि घरी धोळ गातात ना, तो धोळ आणि हा धवळा, मूळ शब्द एकच. महदंबांनी काय गायलं? गोविंदप्रभू त्यांच्या लेखी श्रीकृष्णच होते, पंथाच्या पाच कृष्णांपैकी एक. म्हणून त्यांच्या लग्नात कृष्णाचंच लग्न गायचं, आणि तेही विदर्भाच्या लेकीशी, रुक्मिणीशी. रुक्मिणीचं माहेर कौंडिण्यपूर, ते आजच्या अमरावती जिल्ह्यात. रिद्धपूरही त्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात. म्हणजे माहेरच्या गावच्या बायकांनी म्हणावीत तशीच ही गाणी. आणि सासर द्वारका. आपल्या गुजरातेत पोरबंदरजवळ माधवपूरला दर चैत्रात कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची जत्रा भरते, ती याच लग्नाची.

इथे आम्ही थांबलो आणि पुष्कळ वेळ बोलत बसलो. लग्नाची गाणी कोण म्हणतं? सवाष्णी म्हणतात. आपल्या खान्देशी घरांत हळद लागते तेव्हा बघा. मांडवात जात्यापाशी, उखळ-मुसळापाशी सवाष्णी पुढे. आणि जिला चाळीस गाणी तोंडपाठ आहेत, जिने तीस वर्षांत निम्म्या गल्लीच्या मुली हळदीला बसवल्या, ती यजमान गेल्यावर त्याच मांडवात मागे, स्वयंपाकाच्या पातेल्याजवळ. कोणी तिला जा म्हणत नाही. ती आपली आपणच मागे सरते, आणि कोणी तिला पुढे ये असंही म्हणत नाही. आमच्या एका गुरुभगिनीच्या भाचीच्या लग्नात पुढे बसलेल्या बायका गाण्याच्या ओळी विसरत होत्या आणि ही आतून, पुऱ्या लाटता लाटता, त्यांना शब्द पुरवत होती.

रिद्धपूरच्या त्या मांडवात गुरूंनी गायला सांगितलं ते एका विधवेला. बालविधवा, वर संन्यासिनी. शुभकार्यात समोर आलेली चालणार नाही असं जग जिला म्हणत होतं, तिलाच. स्वतःच्या लग्नातलं त्यांना काय आठवत असेल? कदाचित काहीच नाही. आणि त्यांनी गायलं ते आयत्या वेळी, तोंडाला येईल तसं. धवळ्यांचा पूर्वार्ध असा झाला. उत्तरार्ध नंतर पुरा झाला. सगळे मिळून दीडशेच्या आसपास धवळे आहेत. काळ साधारण १२८५ च्या आसपासचा. ज्ञानेश्वरी १२९० ची, म्हणजे हे थोडे आधीचे. मराठीत बाईने रचलेलं आज हाती असलेलं पहिलं मोठं काव्य ते हेच.

त्यात आहे काय? गोष्ट भागवतातलीच. भावाने, रुक्मीने, बहिणीचं लग्न शिशुपालाशी ठरवलेलं. रुक्मिणीच्या मनात कृष्ण. ती रडत बसत नाही, स्वतःच ब्राह्मणाबरोबर द्वारकेला निरोप धाडते. मग वाट पाहणं, जिवाची घालमेल, लग्नघटका जवळ येते आणि तो काही येत नाही. मग तो येतो आणि देवीच्या दर्शनाच्या वेळी तिला रथात घेऊन जातो. पुढे लढाई आणि लग्नसोहळा. मुलीला स्वतःचं मन आहे, त्या मनात एका पुरुषाची ओढ आहे आणि ती ओढ लाजिरवाणी नाही. महदंबा हे सगळं जवळून, आपुलकीने सांगतात. भाषा बायकांच्या रोजच्या बोलण्यातली. कुठे पंडिती थाट नाही, आणि मी एवढी विरक्त असून हे गाते आहे असा आवही नाही.

कामना आणि भक्ती यांची अशी गाठ आपल्याकडे नवी नाही. तमिळनाडूत आंडाळने विष्णूशी स्वतःचं लग्न लागल्याचं स्वप्न गायलं, ती जन्मभर दुसऱ्या कोणाची झाली नाही, आणि आज तिकडच्या वैष्णव लग्नांत तेच पद म्हणतात. कर्नाटकात अक्कमहादेवी राजाला सोडून निघाली, तिचा नवरा मल्लिकार्जुन. मीराबाईंचे गिरिधर तर आपल्या सगळ्यांच्या ओठावर, त्यांचे शेवटचे दिवस द्वारकेतच गेले असं मानतात. दूर युरोपात बाराव्या शतकात बर्नार्ड नावाच्या ब्रह्मचारी मठाधिपतीने बायबलातल्या एका प्रेमगीतावर ८६ प्रवचनं केली आणि ती करता करता आयुष्य संपलं तरी गीत संपलं नाही. ज्यांनी देहसुख सोडलं त्यांनाच देवाबद्दल बोलताना प्रेमाची, लग्नाची, विरहाची भाषा लागली. दुसरी इतकी जवळची भाषा माणसाकडे असेल असं आम्हाला तरी वाटत नाही.

महदंबांचं वेगळेपण आम्हाला दिसलं ते असं, की त्या स्वतः नवरी होत नाहीत. आंडाळ नवरी आहे, अक्का नवरी आहे, मीरा नवरी आहे. महदंबा मांडवातल्या बाया जिथे बसतात तिथे बसून दुसऱ्या मुलीचं सुख गातात. आपल्या वाट्याला न आलेली गोष्ट दुसऱ्याला मिळताना बघून तिचा हेवाही नाही आणि तिरस्कारही नाही. संसार सोडलेल्या माणसाला संसाराचं वाईट बोलावंसं वाटतं, आपण ते पाहतो. आमच्या सत्संगातही नवीन माळ घेतलेले कधी कधी बायकोसमोरच संसाराला चिखल म्हणतात. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं त्यांच्या लक्षात राहत नाही. महदंबांनी सोडलेल्या गोष्टीला चिखल म्हटलं नाही.

त्याच काळात तिकडे आळंदीला काय चाललं होतं तेही शेजारी ठेवून बघावं. विठ्ठलपंतांनी काशीला जाऊन संन्यास घेतला. बायकोची खरी संमती नाही हे गुरूंना कळलं तेव्हा त्यांनीच त्यांना घरी परत पाठवलं. संसार पुन्हा सुरू झाला, निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई झाली, आणि समाजाने त्या कुटुंबाला वाळीत टाकलं. पहिल्या परिच्छेदातला दुसरा प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी ही गोष्ट घरी आपल्या यजमानांना जरूर वाचायला द्यावी. एकट्याने घेतलेलं व्रत त्या गुरूंनी मान्य केलं नव्हतं.

गोविंदप्रभूंच्या देहावसानानंतर शिष्य पुन्हा पांगले. नागदेवाचार्यांनी पंथ सांभाळला आणि महदंबा त्यातल्या जाणत्या वडीलधाऱ्या म्हणून राहिल्या. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र लिहायला घेतलं तेव्हा ज्यांच्या स्मरणावर ते उभं राहिलं त्यांत महदंबा होत्या. म्हणजे मराठीतल्या पहिल्या मोठ्या गद्यग्रंथातही त्यांचा आवाज आहे, फक्त मुखपृष्ठावर नाव नाही. केशोबासांसारखे पंडित संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं, कारण संस्कृतात लिहिलं तर पंथातल्या म्हाताऱ्या बायकांना ते कळणार कसं. त्या म्हाताऱ्यांत आम्हाला तरी आधी महदंबाच दिसतात, जरी त्यांना न कळण्यासारखं थोडंच काही असेल. आपण आज गुरूंची वचनं मराठीत वाचतो त्याचं थोडं श्रेय या म्हाताऱ्यांना आहे.

पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यामुळे ते जपले गेले आणि लपलेही गेले. धवळे शतकानुशतकं मठांत राहिले, बाहेरच्या मराठी बायकांना त्यांचा पत्ताच नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आणि यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे यांच्यासारख्यांनी हे साहित्य उलगडून लोकांसमोर आणलं. आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. धवळे पुस्तकरूपात मिळतात. भाषा जुनी आहे, अर्थासकट असलेलीच प्रत घ्या, नाहीतर चार ओळींत कंटाळा येईल. मोठ्याने वाचले तर निम्मे शब्द आपल्या आजीच्या बोलण्यातले निघतात, हा आमचा अनुभव.

दोन सूचना. रिद्धपूर आणि कौंडिण्यपूर एकत्र करावं असं काही ताईंचं म्हणणं आहे. सुरतेहून अमरावतीपर्यंत आपल्या ताप्ती लाईनने थेट जाता येतं, पुढे एस.टी. किंवा गाडी. नावं आपापल्या ग्रुपच्या सेवेकऱ्यांकडे द्या, शाळांच्या सुट्टीचा विचार करून तारीख ठरवू.

आणि दुसरी. ज्यांच्या घरी हळदीची, मांडवाची, मुलगी वाटे लावायची जुनी गाणी पाठ असलेल्या आजी, आत्या, मावशी आहेत, त्यांनी ती मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवावीत. अहिराणीतली चालतील, गुजराती मिसळलेली चालतील. त्या सवाष्ण आहेत की नाहीत ते लिहू नका, फक्त नाव आणि माहेरचं गाव लिहा.